आणखी एका माळेने काय होतंय?



तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने विजेच्या माळांवर का बोलावं, असा प्रश्न आजचा विषय वाचून काहींना पडला असेल. तेव्हा त्याचं उत्तर आधी देतो. सणासुदीला घरात विजेचे जे अपघात होतात, त्यामागे बहुतेक वेळा एखादं वाक्य असतं. "एवढ्याने काय होतंय?" हे एक. "इतकी वर्षं लावतोय, कधी काही झालं नाही" हे दुसरं. ही वाक्यं म्हणजे युक्तिवाद आहेत, आणि युक्तिवाद तपासणं हा आमचा जन्मभराचा धंदा. आज ही दोन वाक्यं तपासू, आणि तपासता तपासता घरातल्या वायरीचा हिशोबही करू.

विषय आपल्यापासून लांबचा नाही. ९ सप्टेंबर २०२२, अनंत चतुर्दशीची संध्याकाळ. आपल्या पनवेलच्या वडघर कोळीवाड्यातल्या विसर्जन घाटावर जनरेटरची केबल तुटून माणसांवर पडली आणि ११ जणांना विजेचा धक्का बसला. घाटावरची रोषणाई तात्पुरती असते, आजच्या दिवसापुरती. तात्पुरत्या वायरीला आपण तात्पुरतंच लक्ष देतो. पण विजेला 'तात्पुरतं' हा शब्द माहीत नाही. कायमच्या वायरीत तिचे जे नियम, तेच दोन दिवसांच्या वायरीत.

आता पहिलं वाक्य. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात युब्युलिडीस नावाचा एक ग्रीक विचारवंत होऊन गेला. त्याच्या नावावर एक कोडं सांगतात. धान्याचा एक दाणा म्हणजे रास नव्हे. त्यात आणखी एक टाकला तरी रास होत नाही. कुठल्याही टप्प्यावर एका दाण्याने फरक पडत नाही, मग रास होते तरी कधी? या कोड्यावर आजही वाद चालतात. दिवाळीत आपण हेच कोडं भिंतीवर मांडतो. एक माळ गॅलरीला, एक खिडकीला, एक तुळशीला, आकाशकंदील वेगळा. प्रत्येक वेळी वाटतं, आणखी एका माळेने काय होतंय?

तत्त्वज्ञानाला या कोड्याचं ठाम उत्तर देता आलेलं नाही. विजेला येतं, कारण वायर दाणे मोजत नाही, ती बेरीज सोसते. आणि बेरजेला हद्द असते.

ही बेरीज सोपी आहे. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. दिवे-पंख्यांच्या सर्किटवर बहुधा ६ अँपिअरचा एमसीबी असतो. २३० गुणिले ६ म्हणजे १३८० वॅट. ही त्या सर्किटची ऐपत. आता खर्च मांडू. एलईडीची एक माळ साधारण ५ ते १० वॅट घेते. अशा आठ माळा लावल्या तरी जास्तीत जास्त ८०. दोन पंखे दीडशे, टीव्ही शंभर, दोन दिवे चाळीस. एकूण ३७० वॅट, म्हणजे दीड अँपिअरच्या थोडं वर. ऐपतीच्या पुष्कळ आत.

म्हणजे काळजीचं कारण नाही? थांबा. माळा जुन्या, तारेच्या बल्बच्या असतील तर एकेक ४० वॅटपर्यंत जाते. आठ माळांचे झाले ३२०. दाराशी रांगोळीवर उजेड हवा म्हणून ५०० वॅटचा हॅलोजन लावला. पंखे, टीव्ही, दिवे धरून ११०० च्या वर गेलो. तरी अजून हद्दीत आहोत. आणि मग नरकचतुर्दशीच्या पहाटे कुणीतरी त्याच बोर्डावर इस्त्री लावतं. एक हजार वॅट. बेरीज २१०० च्या पुढे, प्रवाह नऊ अँपिअरच्या वर. एलईडी आल्यापासून घरातलं सर्किट बहुतेक वेळा माळेने भरत नाही. ते भरतं इस्त्रीने, इंडक्शनने, मिक्सरने, आणि हे सगळं सणाच्या त्याच दोन तासांत चालू असतं. दोष मात्र माळेला जातो, कारण ती डोळ्यांसमोर लुकलुकत असते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. वायरीत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. सहाच्या जागी नऊ अँपिअर म्हणजे प्रवाह दीडपट, पण उष्णता सव्वादोनपट. हे थोडं मनाविरुद्ध जातं. आपल्याला वाटतं, थोडा भार वाढला तर थोडी वायर तापेल. तसं होत नाही.

यावर श्रोत्यांमधून एकांनी विचारलं, "सर, पण एमसीबी पडेलच की. तो त्यासाठीच असतो ना?" चांगला प्रश्न आहे. एमसीबी पडतो, पण कसा पडतो ते पाहा. शॉर्टसर्किट झालं तर तो क्षणात पडतो. साधा जादा भार असेल तर तो वेळ घेतो. ६ अँपिअरचा एमसीबी पावणेनऊ अँपिअरला तासाभराच्या आत पडावा, अशी त्याची रचना असते. तासाभराच्या आत, लगेच नव्हे. आणि साडेसात अँपिअरला तो तासभरात पडेलच असंही नाही. तोवर वायर तापत राहते.

दुसरं असं की एमसीबी भिंतीतल्या वायरीचा राखणदार आहे, आपल्या एक्स्टेंशन बोर्डाचा नाही. स्वयंपाकघरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला बारीक वायरीचा स्वस्त बोर्ड लावला आणि त्यावर दहा अँपिअरचा भार टाकला, तर मागचा १६ चा एमसीबी निवांत असतो. त्याच्या लेखी सगळं ठीक आहे. जळतो तो बोर्ड. त्यातून बोर्डाची वायर वेटोळं करून कपाटामागे कोंबलेली असेल, तर उष्णतेला बाहेर जायला वाट राहत नाही. म्हणून वायर पूर्ण उलगडावी, आणि बोर्डाला बोर्ड जोडू नये.

मग काही जण काय करतात? एमसीबी सारखा पडतो म्हणून वायरमनला सांगून सहाच्या जागी सोळाचा किंवा वीसचा बसवून घेतात. जुन्या घरांत फ्यूजला जाड तार गुंडाळतात. घरात 'नाही' म्हणणारं एकच माणूस होतं, त्याला गप्प केलं. आता सर्वांत कच्चा दुवा म्हणजे भिंतीतली वायर, आणि ती वितळली तर आपल्याला दिसतही नाही.

जुन्या पनवेलमधल्या वाड्यांना हे जास्त लागू आहे. आपल्या शेजारी खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी गेली. आपल्याकडे घराघरांत वीज पोचायला पुढे पुष्कळ वर्षं गेली, आणि पोचली तेव्हा एका खोलीत एक दिवा, फार तर एक पंखा, एवढ्याच हिशोबाने वायर ओढली गेली. त्या वायरीवर आज एसी, गिझर आणि रोषणाई चालवायची, तर आधी परवानाधारक वायरमनकडून ती तपासून घ्यायला हवी.

आता दुसऱ्या वाक्याकडे येऊ. "इतकी वर्षं लावतोय, काही झालं नाही." आपल्या न्यायदर्शनात अनुमानाचं नेहमीचं उदाहरण आहे: डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे असं ओळखायचं. हे अनुमान उभं राहतं ते धूर आणि आग यांच्या अव्यभिचारी संबंधावर. 'आजवर झालं नाही' आणि 'पुढे होणार नाही' यांच्यात तसा संबंध आहे का? नाही. उलट वायरीच्या बाबतीत प्रत्येक गेलेलं वर्ष विरुद्ध बाजूला साक्ष देतं. प्लास्टिक कडक होऊन तडकतं, उंदीर कुरतडतात, माळ दरवर्षी ओढून गुंडाळल्याने आतली तार एकाच जागी मोडते. वीस वर्षं टिकलेली माळ म्हणजे वीस वर्षं झिजलेली माळ.

शिवाय धूर दिसेपर्यंत थांबायचं नसतं. विजेची आग त्याआधी पुष्कळ खुणा देते. प्लग हाताला गरम लागतो. सॉकेटची कडा पिवळी-तपकिरी पडते. जळक्या प्लास्टिकचा किंवा मासळीसारखा वास येतो. मिक्सर लावला की दिवे मंद होतात. बोर्डातून चरचर ऐकू येते. यातली एकही खूण दिसली तर अनुमान पुरेसं आहे: स्विच बंद करा, प्लग काढा. प्लग सैल बसत असेल तर भार कमी असूनही तो तापतो. माळेची उघडी टोकं सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्यांनी ठोकून बसवण्याची आपली जुनी रीत या कारणाने सोडून द्यायला हवी.

जुन्या माळेचा आणखी एक प्रकार सांगतो. चाळीस बल्ब एकामागे एक जोडलेले असतात, प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा व्होल्ट. एक गेला की माळ बंद. मग गेलेला बल्ब काढून आपण तारा पिळतो. असे दहा काढले की उरलेल्या तिसांवर प्रत्येकी साडेसात व्होल्टच्या वर येतात, आणि एकेक बल्ब दीडपटीहून जास्त तापतो. शेजारी कागदी फुलं, जाळीचा पडदा, मखराचं कापड असतं. थर्माकोलच्या मखरावर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे ती पर्यावरणासाठी, पण जळाऊ वस्तू दिव्यापासून दूर ठेवायची हे शहाणपण बंदीवर अवलंबून नाही.

पाण्याचं गणित वेगळं आहे. गणपती येतात भाद्रपदात, आपल्याकडे तेव्हा पाऊस असतोच. ओल्या गॅलरीत लोखंडी कठड्याला माळ बांधली आणि वायर खरचटली, तर कठडाच जिवंत होतो. हा प्रवाह इतका थोडा असतो की एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, पण माणसाचा जीव घ्यायला तो पुरतो. त्यासाठी आरसीसीबी हवा. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की तो वीज तोडतो. त्याच्यावरचं 'टेस्ट' बटण सण सुरू व्हायच्या आधी एकदा दाबून पाहा. तो पडला नाही तर बदलून घ्या. आणि अर्थिंगची तिसरी पिन कापू नका. बाहेर लावायची माळ बाहेरच्या वापरासाठीच बनवलेली हवी, तिचे जोड जमिनीपासून वर हवेत. मंडळांनी आकडा टाकू नये, महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी.

इतकं करूनही काही घडलंच, तर क्रम पाठ असू द्या. कुणाला धक्का बसला असेल तर आधी मेन स्विच. माणसाला हात नंतर. स्विच सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करायची, तीही घरातली असेल तर. रस्त्यावरच्या तुटलेल्या वायरीजवळ जायचं नाही, लोकांना लांब ठेवून १९१२ वर कळवायचं. विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नाही. कोरडी वाळू किंवा पावडरचं अग्निशामक वापरायचं, आणि १०१ ला फोन करायचा. झोपताना आणि बाहेर जाताना माळा बंद. देवापुढे उजेड हवा असेल तर एक एलईडी दिवा पुरतो.

दिवाळी अंधारावर उजेडाची असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो उजेड भिंतीआडच्या ज्या वायरीतून येतो, ती किती सोसते हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आज घरी गेल्यावर एवढंच करा. मेन बोर्ड उघडा, कोणत्या एमसीबीवर कोणती खोली आहे ते कागदावर लिहा, आणि तो कागद दाराच्या आतून चिकटवा. पुढची माळ लावण्याआधी त्या कागदाखाली बेरीज मांडा. दोन मिनिटांचं काम आहे.