रोजकीर्द आणि खतावणी

(‘स्वमग्नांचे अंतरंग’ : लेखांक ६ वा)

गेल्या लेखांकात आपण स्वमग्न माणसाच्या कानाचा विचार केला. जो आवाज इतरांच्या लेखी ओसरीवरच थांबतो, तो या माणसाच्या थेट माजघरात येऊन कसा ठाण मांडतो, हे पाहिले. तो लेख वाचून एका मातेने पत्र पाठविले आहे. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा नेमाने रोजनिशी लिहितो. परंतु तीत ‘मनातले’ म्हणून काही नसते. एस. टी. किती वाजता सुटली, वांगी काय भावाने मिळाली, जिन्यावरचा दिवा लागत होता की नव्हता, एवढाच मजकूर. या वहीला रोजनिशी म्हणावे काय, आणि म्हणायचे झाल्यास तिचा त्याला उपयोग तो काय, असा त्या माउलीचा प्रश्न आहे. पत्राचे उत्तर पत्राने देता आले असते. परंतु ज्याने स्वतः अशाच एकतीस वह्या भरल्या आहेत त्याने हा प्रश्न चार ओळींत उरकणे प्रशस्त नव्हे, म्हणून आजचा सगळा लेखांक त्यालाच दिला आहे.

उत्तरासाठी आपल्याच जुन्या दप्तरात डोकवावे लागेल. हिशेबाच्या देशी पद्धतीत दोन वह्या मुख्य. पहिली रोजकीर्द; हिच्यात दिवसाचा व्यवहार ज्या क्रमाने घडला त्याच क्रमाने उतरवायचा, तो कोणत्या खात्याचा आणि त्याचे फलित काय, याचा काथ्याकूट तेथे करावयाचा नाही. दुसरी खतावणी, हिच्यात कीर्दीतली एकेक रकम उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावयाची, आणि मगच कोणाकडून किती येणे व कोणाला किती देणे, हे उमगते. जो कारकून कीर्द लिहितानाच खतावणीची घाई करील त्याच्या दोन्ही वह्या चुकतील, असे माझ्या पहिल्या वरिष्ठांनी मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बजावले होते. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या दप्तरातून निवडलेल्या ज्या रोजनिशी विसाव्या शतकाच्या आरंभी छापल्या गेल्या, त्यांत पेशव्याच्या हृदयाची कालवाकालव शोधू जाल तर निराश व्हाल. तेथे इनामे, नेमणुका आणि खर्चाच्या आज्ञा यांचाच तपशील. तथापि त्या काळच्या प्रजेचे हालहवाल इतिहासकारांनी असल्या रुक्ष नोंदींतूनच बाहेर काढले, कारण त्यांनी चिकाटीने त्यांची खतावणी केली.

आता माझा दाखला देतो. माझी सारी हयात साताऱ्याकडील एका तालुक्याच्या गावी, सरकारी हिशेबाच्या कचेरीत गेली, आणि माझ्या स्वभावाला स्वमग्नता हे नाव मिळाले ते वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पुण्याच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडून. वही मात्र त्याच्या फार आधीची. तीतली एक नोंद जशीच्या तशी उतरवितो : ‘मंगळवार. ६-४० ला उठलो. चहा १ कप. ८-१५ ची बस ७ मिनिटे उशिरा. कचेरीत नवा पंखा. तिसऱ्या फेऱ्याला टक् वाजतो. साहेबांनी दोनदा हाक मारली, दुसरी ऐकू आली. डबा परत आणला. रात्री सदरा उलटा घालून झोपलो.’ या नोंदीत ‘मी’ हा शब्द एकदाही आलेला नाही. आपल्या भाषेने क्रियापदाच्या शेपटातच कर्त्याची सोय लावून ठेवल्यामुळे, स्वतःचा उच्चार न करता मराठी माणसाला जन्मभर रोजनिशी लिहिता येते. आणि माझ्यासारख्याला, ज्याला ‘मला काय वाटते’ हा प्रश्न परक्या मुलखातल्या चौकीवर विचारावा तसा वाटतो, ही सोय फार मोलाची आहे.

रोजनिशीविषयी उपदेश करणारे बहुतेक सगळे ‘मन मोकळे करा’ असे सांगतात. या उपदेशामागे शास्त्राचा आधार नाही असे नव्हे. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सँड्रा बील यांच्यासह १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस रोज १५ मिनिटे लिहावयास बसविले होते. काहींनी आयुष्यातील आघाताच्या नुसत्या घटना लिहावयाच्या, काहींनी नुसत्या भावना, काहींनी दोन्ही. आणि तुलनेसाठी उरलेल्यांनी आपली खोली, पायांतले जोडे, असल्या क्षुल्लक विषयांवर लिहावयाचे. पुढील ६ महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्राची पायरी कमी चढले ते घटना आणि भावना ही दोन्ही लिहिणारे. हा वृत्तान्त मी प्रथम वाचला तेव्हा मला हसू आले. कारण शास्त्रज्ञांनी ज्यांच्याकडून निष्फळ लेखनाचा नमुना म्हणून जोड्यांचे वर्णन लिहवून घेतले, त्यांच्या पंक्तीत मी कोणी न सांगता वर्षानुवर्षे बसलो होतो.

परंतु भावना लिही म्हटल्याने भावना लिहिता येते, हे त्या उपदेशाचे गृहीतच मुळी सर्वांना लागू नाही. स्वतःच्या भावना ओळखण्यात आणि त्यांना शब्द देण्यात जी अडचण काही माणसांना येते, तिला पीटर सिफ्निओस यांनी १९७० नंतरच्या दशकात ग्रीक शब्द जुळवून ‘अलेक्सिथायमिया’ असे नाव दिले. आपण तिला भावनांची निःशब्दता म्हणू. ती स्वमग्नतेचे लक्षण नव्हे, कारण ती स्वमग्न नसलेल्यांतही आढळते आणि सगळ्या स्वमग्नांत आढळत नाही. तथापि आजवरच्या अभ्यासांचा मेळ घातला असता सुमारे निम्म्या स्वमग्न व्यक्तींत ती दिसते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या माणसाच्या ठायी भावना नसते असे नाही. छातीत धडधड होते, अन्न जात नाही, हातपाय गार पडतात, सगळे यथास्थित घडते. फक्त त्या धडधडीला भय म्हणावे, संताप म्हणावे की उत्कंठा, याचा निवाडा तेथल्या तेथे होत नाही. रकम आली आहे, पण खाते ठाऊक नाही, अशी ही अवस्था. अशा वेळी शहाणा कारकून काय करतो? तो रकम अंदाजाने भलत्याच्या नावावर टाकीत नाही; तारीखवार कीर्दीत घेऊन ठेवतो.

माझी खतावणी दर रविवारी दुपारी चाले. वहीच्या मागील पानांवर मी खाती पाडली होती : आवाज, अन्न, झोप, वस्त्र, माणसे. पंखा बसल्यानंतर सहा आठवड्यांनी अन्नाच्या खात्याची तेरीज केली, तेव्हा आढळले की बहुतेक दिवशी डबा न उघडताच घरी परत आला होता. ज्या थोड्या दिवशी तो रिकामा झाला, ते सगळे भारनियमनाचे दिवस होते. वीज गेली म्हणून अवघी कचेरी वीजमंडळाच्या नावाने बोटे मोडीत होती, त्या घामट दुपारी मी एकटा स्वस्थपणे पोळीभाजी खात होतो. आवाज आणि अन्न ही दोन खाती अशी समोरासमोर आल्यावर मला कळले की ज्याला लोक त्रागा म्हणतात तो माझ्या घरी परत आलेल्या डब्याच्या रूपाने येतो, आणि सदरा उलटा घातला गेला की समजावे, आज अंगाला शिवणसुद्धा सोसवत नाही. दुसऱ्या दिवशी मी मेज खिडकीकडे सरकवून घेण्याची परवानगी मागितली. त्यासाठी ‘मला त्रास होतो’ असे म्हणावे लागते. ते वाक्य माझ्या तोंडून निघाले, कारण त्याच्या पाठीशी सहा आठवड्यांचा दाखला होता.

योगायोग असा की स्वमग्नतेचा वैद्यकीय इतिहासही अशाच एका बारीक टिपणापासून सुरू होतो. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावी राहणाऱ्या डोनाल्ड ट्रिप्लेटच्या वकील पित्याने, मुलाला बॉल्टिमोरला डॉ. लिओ कॅनर यांच्याकडे नेण्यापूर्वी, त्याच्या वागणुकीचा ३३ पानी टंकलिखित वृत्तान्त धाडला होता. कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांविषयी जो निबंध लिहिला त्यात पहिले प्रकरण या डोनाल्डचे, आणि त्यातले कितीतरी तपशील पित्याच्या त्या पत्रातले आहेत. पुढे डोनाल्डने आपल्या गावच्या बँकेत हिशेबाचे काम केले आणि २०२३ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी तो वारला, हे वाचताना एका हिशेबनिसाला काय वाटले असेल ते वाचकांनीच ताडावे. ‘ऑटिझम’ हा शब्द कॅनर यांच्या निबंधाच्याही आधीचा. ऑयगेन ब्लॉयलर यांनी स्वत्ववाचक ग्रीक शब्दावरून तो घडविला, आणि मराठीनेही त्याच वळणावर ‘स्वमग्न’ म्हटले. शब्द रूढ झाला आहे, तो मी बदलू पाहत नाही. पण त्या पत्रलेखिकेच्या मुलाची वही उघडा आणि सांगा, बस, वांगी आणि जिन्यावरचा दिवा यांत ‘स्व’ कोठे आहे? मग्नता मात्र खरी.

सगळ्यांची कीर्द अक्षरांचीच असावी असेही नाही. टेंपल ग्रँडिन या पशुविज्ञानाच्या विदुषी स्वतः स्वमग्न असून, आपले विचार शब्दांत न चालता चित्रांत चालतात असे त्यांनी सविस्तर लिहिले आहे. १९८६ च्या आपल्या आत्मकथनात त्यांनी तरुणपणीच्या रोजनिशीचाही आधार घेतला आहे. शाळेतून महाविद्यालयात जाणे, तेथून पुढे जगात पडणे, ही स्थित्यंतरे त्यांच्या मनाला अमूर्त रूपात पेलत नसत. म्हणून वसतिगृहाच्या छपरावर उघडणारे एक खरेखुरे लाकडी दार त्यांनी शोधले आणि त्यातून बाहेर पडण्याचा सराव केला. इतरांना जे रूपक म्हणून पुरते ते त्यांना बिजागरीसकट लागले. तेव्हा एखाद्याने वहीत दाराचे चित्रच काढले, बसची तिकिटे डकवली, अथवा लिहिणे जड जाते म्हणून मोबाईलवर दोन वाक्ये बोलून ठेवली, तरी ती रोजनिशीच होय.

जे या वाटेने जाऊ इच्छितात त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. वेळ आणि रकाने ठरलेले असावेत. कोऱ्या पानासारखा दुसरा जाच नाही, आणि आखलेल्या पानासारखा आधार नाही. शेऱ्याचा रकाना ठेवावा, पण तो भरण्याची सक्ती नसावी. एखादा दिवस चुकला तर मागाहून आठवून तो रंगवीत बसू नये. सरकारी पत्रकात लिहितात तसे ‘निरंक’ लिहून पुढे जावे, नाहीतर नेमाची आवड ज्याच्या हाडात आहे त्याला हाच नेम गळफास होतो. मलाही एकदा तो तसा झाला होता. प्रवासात वही हरवली आणि मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. तसेच एखादा अपमान वारंवार लिहिला जाऊ लागला, तर ती नोंद राहिली नसून घाण्याचा फेरा झाला आहे असे समजावे, वही मिटावी आणि एखाद्या विश्वासू माणसाशी अथवा वैद्याशी बोलावे. आणि सर्वांत महत्त्वाचे ते घरच्या मंडळींसाठी : या वहीची रुजुवात दुसऱ्या कोणी करू नये. ‘बघ, तुझ्याच वहीत लिहिले आहेस,’ असे एकदा जरी ऐकविलेत, तरी दुसऱ्या दिवसापासून त्या वहीत तुम्हांला आवडेल तेच लिहिले जाईल, आणि दिवसभर तोंडावर मुखवटा बाळगणाऱ्या माणसाची तो उतरवून ठेवण्याची एकुलती एक खुंटीही जाईल.

या वह्यांचा एक व्यावहारिक लाभही आहे. प्रौढ वयात निदान करावयाचे तर लक्षणे बालपणापासून होती की नाही हे पाहावे लागते, आणि ते सांगणारी माणसे तोवर पुष्कळदा हयात नसतात. मला प्रश्न विचारले गेले तेव्हा मी पिशवीतून शाळेची प्रगतिपुस्तके आणि पहिल्या तीन वह्या काढून मेजावर ठेवल्या. डॉक्टरांनी तासभर त्या चाळल्या आणि पुढचे बरेच प्रश्न विचारलेच नाहीत.

शेवटी त्या पत्रलेखिका मातेस एवढेच सांगावयाचे की, वही चालू द्या. खतावणी त्याची तो करील, आणि कदाचित उशिरा करील. माझी आई गेली त्या दिवसाची माझी नोंद अशी आहे : ‘पहाटे ४-१०, आई गेली. माणसे ४२. घाटावर ऊन. पंचा ओला.’ मावशी म्हणाली, ‘अरे, एक टिपूस तरी गाळ रे, दगडाचा आहेस का?’ मला उत्तर देता आले नाही. तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि घरात मी एकटा उरलो. पुढे दोन महिन्यांनी, एका रविवारी, अन्नाच्या खात्यावर नोंदी चढविताना माझा हात थांबला. एकामागून एक एकोणीस दिवस कीर्दीत एकच ओळ होती : ‘दूध १ लिटर. अर्धे नासले.’ एकट्याला अर्धा लिटर पुरते, हे ज्याने उभी हयात बेरजा केल्या त्याला एकोणीस दिवस कळले नव्हते.

त्या दुपारी मी खतावणीत नवे पान घेतले आणि त्या एकोणीस रकमा आईच्या नावे वर्ग केल्या.

(पुढील लेखांकी : स्वमग्न माणूस आणि प्रवास)