डब्यातली दालचिनी नक्की कोणती?

चैत्र-वैशाखात कल्याण-डोंबिवलीच्या आगरी घरांत आणि ठाण्याच्या जुन्या चाळींत वर्षभराच्या मसाल्याची धांदल सुरू होते. बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी मिरच्या गच्चीवर वाळतात. धणे, खसखस, दगडफूल, दालचिनी भाजून सगळं डंकावर कुटायला जातं. यातली दालचिनी बहुतेक वेळा तज, म्हणजे कॅशिया असते. मसाल्याचं त्यात काही बिघडत नाही. पण हीच साल कुटून रोज सकाळी अनशापोटी चमचाभर घेणाऱ्यांचं बिघडू शकतं.

दोन्ही झाडं सिनॅमोमम या एकाच प्रजातीची. खरी दालचिनी श्रीलंकेची आणि आपल्या पश्चिम घाटाची. तज चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियातून येते. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. कांडीचं तोंड बघा. दालचिनीत कागदासारखे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले असतात आणि कांडी बोटांनी चुरडते. तजेची साल जाड, एकेरी, दोन्ही कडांनी आत वळलेली; ती मोडायला खलबत्ताच घ्यावा लागतो. पूड झाली की मात्र डोळ्यांचं काही चालत नाही. अन्नसुरक्षेच्या भारतीय नियमांत दोघींची मानकं वेगळी आहेत : तजेत सुगंधी तेल किमान 2 टक्के हवं, दालचिनीत 0.7 टक्का पुरतं. म्हणजे तज जास्त झणझणीत, शिवाय स्वस्त. मटणाच्या रश्शाला तीच बरी, असं माझं मत.

अडचण आहे तजेतल्या कूमारिनची. तजेच्या एका ग्रॅममध्ये ते सरासरी 3 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, कधी बरंच जास्त. खऱ्या दालचिनीत नावापुरतं. काही संवेदनशील लोकांच्या यकृताला ते सोसत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 0.1 मिलिग्रॅम ठरवली आहे. 60 किलोच्या माणसाला 6 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम तज. चहाचा एक सपाट चमचा भरला की ती ओलांडलीच. आता मसाल्याचा हिशेब करू. दीड किलो मसाल्यात 50 ग्रॅम तज धरली आणि माणशी रोज पाच ग्रॅम मसाला पोटात गेला, तर तज होते जेमतेम 0.17 ग्रॅम आणि कूमारिन अर्धा मिलिग्रॅम. बिनधास्त खावं. मर्यादा थोडी ओलांडली की लगेच यकृत बिघडतं असंही नाही. ती आयुष्यभर रोज घेण्याच्या हिशेबाने ठरवलेली असते, आणि त्रास झालाच तर बहुतेकदा घेणं थांबवल्यावर ओसरतो.

मग हा चमचा आला कुठून? 2003 मध्ये पेशावरच्या 60 मधुमेही रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज एक, तीन किंवा सहा ग्रॅम तज 40 दिवस घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर 18 ते 29 टक्के उतरली होती. बातमी जगभर गेली आणि अजून व्हॉट्सॲपवर फिरते आहे. पुढचं मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. 2012 मध्ये वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षकांनी 10 चाचण्या, 577 रुग्ण एकत्र तपासले, तेव्हा उपाशीपोटीच्या साखरेत किंवा तीन महिन्यांच्या सरासरीत भरवशाचा फरक सापडला नाही. दालचिनीतल्या सिनॅमाल्डिहाइडने काचेच्या बशीत जंतू मरतात, हेही खरं. पण बशीतून माणसापर्यंतचं अंतर फार मोठं.

यकृताचा आजार असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेहाचं औषध चालू असेल, तर पूड 'औषध' म्हणून सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. दालचिनीचं तेल तर थेट जिभेवर किंवा त्वचेवर लावूच नये, भाजल्यासारखं होतं. आणखी एक गोष्ट पुडीबद्दल. 2023 मध्ये अमेरिकेत सफरचंदाचा गर खाल्लेल्या शेकडो मुलांच्या रक्तात शिसं आढळलं. ते गरात घातलेल्या दालचिनीच्या पुडीतून आलं होतं. कांडी आणून घरी कुटण्याचा आजीचा हट्ट इथे कामी येतो.

झाडच लावायचं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही खऱ्या दालचिनीची जात आहे. कोकणात नारळ-सुपारीच्या सावलीत ती छान येते. घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा मुरबाड रस्त्यावरच्या रोपवाटिकेत मात्र पान उलटून बघा. दालचिनीच्या पानावर देठाजवळून टोकाकडे तीन ठळक शिरा धावतात, कोवळी पालवी लालसर असते. 'गरम मसाल्याचं झाड' म्हणून विकल्या जाणाऱ्या ऑलस्पाइसच्या पानाला अशा तीन शिरा नसतात. कापराच्या झाडाला असतात, कारण तेही सिनॅमोममच. म्हणून शेवटी पान चुरगळून वास घ्या. कापूर येत असेल तर ते चहात टाकू नका. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. दालचिनीच्या पानाला लवंगेसारखा वास येतो, युजेनॉलमुळे. गंमत अशी की याच झाडाच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड, पानात युजेनॉल आणि मुळाच्या सालीत चक्क कापूर असतो.

कुंडीतल्या झाडाची पानं पुलावात खुशाल घाला. साल हवी असेल तर मुख्य खोड सोलू नका. गोलाकार साल काढली की अन्नरस खाली उतरत नाही आणि झाड मरतं. बागायतदार अंगठ्याएवढी जाड फांदी बुंध्यापासून कापून घेतात, वरचा खरबरीत पापुद्रा खरवडतात आणि आतली साल सोडवून सावलीत वाळवतात. बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात.