मोडीच्या आधी

पहाटे साडेपाच

सोमवार हा आमच्याकडं चावीचा वार. आठ दिवसांचं घड्याळ आठवा दिवस काढतं खरं, पण शेवटी शेवटी स्प्रिंगेत दम उरत नाही आणि वेळ मागं पडते. म्हणून सातव्या दिवशीच चावी. तबकडीवरचं उजवं भोक वेळेचं, डावं टोल्याचं. भिंतीवर अमेरिकेची अ‍ॅन्सोनिया आणि सेथ थॉमस आहेत, जर्मनीचं युंगहान्स आहे, शिवाय तबकडीवरचं नाव पुसलं गेलेलं एक बेवारस. ब्रुकलिनच्या अ‍ॅन्सोनिया कंपनीचा गाशा १९२९ साली गुंडाळला गेला, यंत्रसामग्री रशियानं विकत घेतली. तिची घड्याळं मात्र मराठवाड्यातल्या वाड्यांत अजून टोले देतात.

परभणीचा पारा मे महिन्यात चव्वेचाळिसाच्या पुढं गेला की ही मंडळी आळसावतात. लोखंडी सळईचा लंबक उष्णतेनं लांबतो आणि डिसेंबरच्या मानानं दिवसाला आठ-दहा सेकंद मागं पडतो. लाकडी काठीचा लंबक फारसा बधत नाही. गोळ्याखालची चकती किंचित वर फिरवली की झालं. लोक मात्र ‘घड्याळ म्हातारं झालं’ म्हणून ते माळ्यावर टाकतात आणि भिंतीवर प्लॅस्टिकचं सेलवालं लावतात.

सकाळी आठ

चहा स्टीलच्या पेल्यातच. कपाटातल्या कपबश्यांना हात लावायचा तो धूळ झटकायला. ‘आमच्याकडं चीनच्या कपबश्या आहेत’ असं सांगत लोक येतात. पालथी करून पाहावी तर बशी निघते जपानची, इंग्लंडची, नाहीतर कलकत्त्याच्या बेंगाल पॉटरीजची. निळ्या झाडाखाली पूल आणि वर दोन पाखरं, ही नक्षी बघून सगळेच फसतात. ती चिनी वाटते, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात ठरलेली आहे. हाडांची राख घालून केलेलं ‘बोन चायना’ही इंग्रजांचंच. अस्सल चिनी वाटीला बहुधा कान नसतो. ती जिंगदेझनच्या भट्टीत तेराशे अंशांच्या आसपास भाजलेली असते. बुडाच्या कडीला झिलई नसते. नखानं टिचकी मारली की आवाज लांबतो. बुडावर चिनी बादशहाचं नाव असलं तरी हुरळून जाऊ नये. जुन्या बादशहांची नावं घालायची रीत तिथं शेकडो वर्षं चालली.

माझ्याकडचा आवडता कप जपानी आहे आणि बाजारात त्याला फार किंमत नाही. वरून ड्रॅगन, आत कोरा पांढरा. उजेडासमोर धरला की बुडात एका बाईचा चेहरा उमटतो, अंबाडा घातलेला. माती जिथं पातळ तिथून उजेड येतो, जाड तिथं सावली पडते. बस, एवढीच करामत. घरी आलेली पोरं तो पाहिल्याशिवाय उठत नाहीत.

दहा

सराफ्यात जायची वेळ. तिथल्या एका शेटजींचा आणि माझा जुना ठराव आहे: मोडीत आलेली जुनी चांदी आटणीला जायच्या आधी मला दाखवायची. वस्तू ठेवून घ्यायची तर मोडीचा भाव, वर थोडी माझ्या हौसेची पट्टी. चांदी किलोला लाखाच्या पुढं गेल्यापासून ही हौस महागली आहे आणि मोडीच्या पिशव्या वाढल्या आहेत. एका भावानं दोन्ही केलं.

आज पिशवीतून निघाली एक पळी, दोन निरांजनं, वाकलेला कुंकवाचा करंडा, पैंजणांचे तुकडे आणि कड्या डाकलेले काही रुपये. ते तांड्यावरच्या एखाद्या बाईच्या गळ्यातले असणार. रुपये मी आधी वेगळे केले. चारमिनार छापलेले ते हाली, म्हणजे निजामाचे. राजाराणीचे ते कलदार. आजोबांच्या पिढीला तोंडपाठ असायचं, सहा कलदार म्हणजे सात हाली. त्याला कारण होतं. कलदारात शंभरात जवळजवळ ब्याण्णव भाग चांदी, हालीत ब्याऐंशीच्या आसपास, आणि हाली वजनालाही जरा हलका. १९४० नंतरच्या कलदारात तर चांदी निम्म्यावर आली. सगळे एकाच मुशीत घालणारा सराफ टंच काढताना बुडतो, म्हणून शेटजीही वेगळे करतात. हिशेब त्यांचा, साल माझं.

मग फुलपात्र. नऊ तोळ्यांचं, काठाला एक पोचा. पोटावर ठिपक्याठिपक्यांनी टोचून काढलेली अक्षरं. साहेबाच्या चांदीवर छाप असतात: चालणारा सिंह म्हणजे ९२५ टंच, बिबळ्याचं तोंड लंडनचं, नांगर बर्मिंगहॅमचा, एका अक्षरावरून साल. आपल्या जुन्या भांड्यावर असलं सरकारी काही नाही. आपल्याकडं कासार-सोनार छिन्नीनं नाव घालतो, आणि मला विचाराल तर ते छापापेक्षा जास्त बोलतं. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, आहेर मामाचा की आत्याचा, गाव सेलू की गंगाखेड, सगळं त्यात. या फुलपात्रावर ‘मुंजीप्रीत्यर्थ’ वाचता आलं आणि पुढं ‘फसली १३४५’. निजामाच्या राज्यात दप्तर फसली सनाचं. त्यात ५९० मिळवले की झालं १९३५. बटूचं नाव होतं तिथं मात्र कानशीचे ताजे ओरखडे. विकायला आणण्याआधी घरच्यांनीच घासून टाकलं होतं.

“काहून घासलं असेल हो?” मी विचारलं.

“लाज वाटती लोकाला,” शेटजी म्हणाले. “आजोबाचं नाव दुकानात नको म्हंतेत.”

नाव घासलं म्हणून वजनात गुंजभरही फरक पडला नव्हता. फुलपात्र मी घेतलं.

साडेअकरा

माझ्या दुकानावर मानवतकडच्या एक मावशी वाट पाहत होत्या. फडक्यात चहाची किटली, साखरदाणी, दुधाचं भांडं. “समदी चांदी हाय, सासऱ्याची. हैदराबादेहून आनलेली.” हैदराबादेहून आणलेली यावर माझा पूर्ण विश्वास. १९५६ पर्यंत आपली राजधानी तीच. वकील, देशमुख, जहागीरदार मनमाड-सिकंदराबाद रेल्वेनं जायचे आणि येताना हौस घेऊन यायचे. पुढं कुळकायदा आला, वाटण्या झाल्या, आणि वाड्यांतलं सामान ओसरीवर, ओसरीवरून माळ्यावर, माळ्यावरून बाजारात आलं.

किटली उलटी केली. बुडावर चार अक्षरं: ईपीएनएस. म्हणजे तांबं-निकेल-जस्ताच्या धातूवर विजेनं चढवलेला चांदीचा मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननं १८४० साली पेटंट घेतलं आणि मध्यमवर्गाच्या टेबलावर साहेबी थाट आला. मावशींना हे सांगणं जिवावर येतं, पण सांगावंच लागतं. मोडीत किटलीला जवळपास काही नाही. पण मुठीला उष्णता चढू नये म्हणून मध्ये बसवलेल्या दोन पांढऱ्या चकत्या, टोपणावरचं डाळिंबाचं बोंड, सगळं शाबूत. “इकू नका, वापरा,” म्हटलं. त्यांनी किटली पुन्हा फडक्यात बांधली. पटलं असं काही वाटलं नाही.

दोन ते पाच

जेवून बैठक. हे तीन तास घड्याळाचे. आजचा रोगी जिंतूरचा: पाच वाजता आठ टोले देतो. जुन्या अमेरिकन यंत्रात टोले मोजायला खाचांची एक चकती असते. तिला काटे कुठं आहेत ते ठाऊक नसतं, ती आपली एकानंतर दोन, दोनानंतर तीन मोजत जाते. कुणीतरी काटा उलटा फिरवला किंवा टोल्याची चावी संपू दिली की दोघांचं बिनसतं. औषध सोपं. आतली तार बोटानं उचलायची आणि काट्याशी जुळेपर्यंत टोले वाजवत राहायचे. खरा उद्योग दुसराच होता. कुणीतरी रॉकेलचा बोळा ठेवून वर खोबरेल सोडलेलं. ते वाळून चाकांच्या टोकांना डिंकासारखं चिकटलं होतं. सगळं उघडून धुवायचं, काडीच्या टोकानं भोकं साफ करायची आणि प्रत्येक टोकाला घड्याळाच्या तेलाचा एकच थेंब. मग भिंतीला टांगून डोळे मिटून ऐकायचं. ठोका दोन्हीकडं सारखा पडला पाहिजे. ओळंब्यापेक्षा कानावर माझा विश्वास जास्त.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातलं ते गाणारं घड्याळ पाहायला आपल्याकडची माणसं आवर्जून जातात. ताशी एक दाढीवाला बाहेर येऊन टोले देतो, लोहार सेकंदाला घण घालतो. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्हीकडचं ते. सालारजंग तिसरे १९४९ मध्ये वारले आणि १९५१ मध्ये संग्रह लोकांना खुला झाला. निजामाच्या दिवाणाची ऐपत वेगळी, हे खरं. पुण्याच्या दिनकर केळकरांकडं तसली दौलत नव्हती. त्यांनी दिवे, अडकित्ते, भांडी गोळा केली आणि १९७५ साली सगळं सरकारच्या हवाली केलं. मला विचाराल तर आमच्यासारख्यांचा खरा गुरू पुण्याचा.

साडेसहा

एक तरुण मोटारसायकलवर आला. मोबाईलवर फोटो: मातीनं माखलेली नाणी, एक तबक. “गढी पाडायलोत, तिथं घावलं. घेता का?” नाही. जमिनीतून निघालेलं धन कलेक्टरला कळवावं लागतं, १८७८ पासूनचा कायदा आहे. शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, तिचा व्यापार करायला परवाना लागतो, हा १९७२ चा. तहसीलला जा म्हटलं. तो हसला आणि गाडीला किक मारून गेला.

रात्री नऊ

वहीत नोंद: वस्तू, वजन, अक्षरं जशीच्या तशी, कुठून आली. विकणाऱ्याचं नाव वेगळ्या वहीत, ती कुणाला दाखवत नाही. फुलपात्र मऊ फडक्यानं नुसतं पुसलं, कपाटात ठेवताना शेजारी खडूचे दोन तुकडे टाकले.

तुमच्याकडं असं काही असेल तर चिंच-रांगोळीनं घासू नका, अक्षरं झिजतात. रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. बिदरीच्या भांड्याला पितळेची पावडर तर मुळीच नको, त्याचं काळंपणच त्याचं मोल आहे. घड्याळ आणायचं तर लंबक काढून वेगळा गुंडाळा आणि चावी विसरू नका. आणि चांदी मोडायचीच असेल तर खुशाल मोडा, अडचण सगळ्यांनाच असते. त्याआधी मोबाईलवर एक फोटो तेवढा काढा, नाव घासायच्या आधी.