चाकांवरील घराचें गवाक्ष

हडपसरच्या गाडीतळावर आतां बैलगाड्या सुटत नाहींत. पण नांव मात्र गाड्यांचेंच राहिलें आहे. वारीच्या दिवसांत पुण्याहून निघालेल्या दोन्ही पालख्या येथवर एका रस्त्यानें येतात. येथून ज्ञानोबांची पालखी दिवेघाटानें सासवडकडे वळते आणि तुकोबांची सोलापूर रस्त्यानें लोणी काळभोरास जाते. अशा या वाटा फुटण्याच्या गांवीं, एका वसाहतीच्या आवारांत, एक निराळीच गाडी उभी असते. तींत चूल आहे, शय्या आहे, पाण्याची टांकी आहे आणि छतांत एक गवाक्षहि आहे. ही गाडी आमच्या पुतण्याची. लोक अशा वाहनास मोटरहोम म्हणतात. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं त्यासंबंधीं जें पर्यटनधोरण आंखलें त्यांत ‘कॅराव्हॅन’ हा शब्द आहे. इंग्लंडांत डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनीं १८८५ सालीं हौसेच्या प्रवासासाठीं असेंच एक घर बांधवून घेतलें होतें. तें घोडे ओढीत. आमच्या घरीं या गाडीस नुसतें ‘घरकुल’ म्हणतात.

गेल्या वैशाखांत एके दिवशीं तिसऱ्या प्रहरीं आभाळ काळवंडलें, धुळीचा लोट उठला आणि वळिवाच्या पहिल्याच झोतांत शेजारच्या गुलमोहराची मनगटाएवढी फांदी गाडीच्या छतावर कोसळली. गवाक्षाचें बाहेरचें कवच तडकलें, एक बिजागरी निखळली आणि फटींतून घटकाभर पाणी आंत जात राहिलें. एरवीं ही गोष्ट लिहिण्याजोगी नव्हे. परंतु आमच्या वडील वहिनींस त्याच महिन्यांत संगमेश्वरापलीकडील त्यांच्या माहेरीं न्यावयाचें ठरलें होतें. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे असे कीं बसच्या पायऱ्या चढणें अशक्य, आणि मोटारींत तासाहून अधिक बसवत नाहीं. पाय पसरून निजून जातां येईल असें वाहन हेंच एक. जूनच्या आरंभीं कोंकणांत पाऊस लागला कीं त्यांच्या वाडीकडे उतरणारी मातीची वाट चार महिने बंद. हातांत अवघे तीन आठवडे होते.

गवाक्ष म्हणजे अक्षरशः गाईचा डोळा. ‘अक्षि’ हा शब्द समासाच्या शेवटीं ‘अक्ष’ होतो तो डोळा हा अर्थ अभिप्रेत नसेल तेव्हांच, असा पाणिनीचा दंडक आहे. म्हणजे नांवांत डोळा असून गवाक्ष स्वतः पाहत नाहीं! दुसरा शब्द ‘वातायन’. त्यांत वाऱ्याची वाट मुख्य. आमच्या मराठवाड्यांतील धाब्याच्या घरांना छतांत सवणें असे. त्यांतून उजेड आंत येई व चुलीचा धूर बाहेर जाई. कोंकणांत हें काम कांचेचें कौल करतें. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि पुढें तीं कौलें किनाऱ्यानें सर्वत्र पसरलीं. वहिनींच्या माहेरच्या स्वयंपाकघरांतहि तसें एक कांचेचें कौल होतें, आणि त्यांतून पडणारा कवडसा जात्याशीं आला कीं भात वेळावयाचा, असा त्यांच्या आईचा नेम होता.

पहिल्या कारागिरानें, त्याचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं, दोन उपाय सुचविले. एक, भोंकावर फायबरचा पत्रा चिकटवून तें कायमचें बुजवावें. दुसरा, नवें झांकण बसवावें, पण चौकटीच्या कडेस जी बारीक फट कायम उघडी राहते ती सिलिकोन भरून बंद करावी, म्हणजे “गुरुजी, पुन्हां पाणी यायलाच नको.” ही दुसरी सूचना अधिक घातक. ती फट हा दोष नसून योजना आहे. बंद गाडींत चूल पेटते तेव्हां ज्योतीस हवा हवी. ती अपुरी पडली कीं कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो. त्यास ना रंग ना वास. झोंपलेल्या माणसास त्याची चाहूलहि लागत नाहीं. म्हणून झांकण घट्ट लावलें असतांहि वरून कांहीं हवा खेळती राहावी अशी चौकट मुद्दाम घडविलेली असते. सिलिंडरांतला वायु हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळें गळती झाल्यास तळाशीं सांचतो. त्याच्यासाठीं गाडीच्या जमिनींतहि एक वाट ठेवलेली असते, आणि तीहि “मुंग्या येतात” म्हणून बुजविणारे लोक आहेत. ज्या गाडींत एक वृद्धा रात्रभर निजणार त्या गाडीची नाकपुडी दाबून टाकण्याची ही तऱ्हा आम्हांस मुळींच मानवली नाहीं. पुतण्यानें त्या गृहस्थास नमस्कार केला व दुसरा मिस्त्री शोधला.

हा मिस्त्री थोडें बोलणारा निघाला. त्यानें प्रथम छताला आंतून अंगठ्यानें दाबून पाहिलें आणि गवाक्षापासून हातभर दूर एका कोपऱ्यांत थांबला. तेथें फळी मऊ लागत होती. वहिनी खालून म्हणाल्या, “भाऊजी, आमच्या वाशांचेंहि असेंच. थेंब पडे तेथें वर भोंक कधींच नसे.” गाडीचें छत एकसंध नसतें, वर पत्रा किंवा फायबर, मध्यें फेस, खालीं प्लायवुड. त्यांच्या सांध्यांत शिरलेलें पाणी दिसत नाहीं, वाळत नाहीं, लांकूड मात्र कुजवितें. नवें झांकण लगेच बसविलें असतें तर तें पाणी आंतच कोंडलें गेलें असतें. म्हणून झांकण काढून, वर ताडपत्री तंबूसारखी उंच बांधून, आंत पंखा लावून आठ दिवस तें छत वाळविलें. तीन आठवड्यांतले आठ दिवस असे बसून काढणें घरांतल्या तरुणांस फार जड गेलें. कुजलेली एक पट्टी काढून तेथें नवें लांकूड घातलें.

तोंवर विम्याचा प्रश्न निघाला. वादळानें झालेली हानि सर्वसमावेशक मोटर विम्यांत धरली जाते. परंतु भाग बदलतांना कांचेस घसारा लावीत नाहींत, आणि प्लॅस्टिक व रबर यांचा निम्मा खर्च मालकाच्या माथीं येतो, शून्य-घसाऱ्याचें पुरवणी कलम घेतलें नसेल तर. आतां हें गवाक्ष कांच कीं प्लॅस्टिक? दिसण्यांत कांच, जातीनें ॲक्रिलिक. एका शब्दाच्या अर्थावर हजारों रुपये लटकलेले पाहून आमच्यांतला व्याकरणाचा शिक्षक क्षणभर सुखावला. पण निर्णय वस्तूच्या जातीनेंच होणार हें उघड होतें, आणि तसाच झाला. ज्यांचा असा प्रसंग येईल त्यांनीं विम्याच्या निरीक्षकानें पाहण्यापूर्वीं मोडकें कांहीं हलवूं नये, छायाचित्रें मात्र त्याच दिवशीं काढावीं. तेवढ्यापुरतें वरून ताडपत्री झांकण्यास हरकत नाहीं.

ॲक्रिलिकचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. उन्हानें तें ॲल्युमिनियमच्या सुमारें तिप्पट प्रसरण पावतें. चाळीस सेंटिमीटरच्या तावदानांत चाळीस अंशांच्या फरकानें एक मिलिमीटरहून अधिक. म्हणून तें जखडून बसवूं नये. जुना चिकटा काढावयास थिनर किंवा पेट्रोल लावलें तर आज दिसत नाहीं, पण पुढें त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटतात. मिस्त्रीनें सारें काम लांकडी पातें, साबणाचें पाणी आणि सबुरी यांवर उरकलें. पुतण्याच्या मनांत मोठें भोंक पाडून ऐसपैस गवाक्ष घालावें असें होतें. पण छताच्या आडव्या पट्ट्या कापाव्या लागल्या असत्या. शिवाय १९८८ च्या मोटर वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणींतील तपशील बदलतील असे फेरफार परस्पर करूं देत नाहीं. तेव्हां जुन्या मापाचेंच आणलें. माप दोन्ही बाजूंनीं घेतलें, आणि छताची जाडीहि, कारण आंतली व बाहेरची चौकट एकमेकींस स्क्रूनें आवळल्या जातात. जाडी चुकली तर स्क्रू एक तर पोंचत नाहीं, किंवा वर टोंचतो.

चौकटीखालीं ब्युटिलची पट्टी अखंड फिरविली. ही कणकेसारखी असते व सहसा कडक होत नाहीं, त्यामुळें गाडी हिंदकळली तरी सांधा फाटत नाहीं. स्क्रू ओळीनें न आवळतां समोरासमोरचे, थोडे थोडे, हातानेंच आवळले. मग झारीनें पाणी घातलें तें खालच्या कडेपासून वर चढत, कारण एकदम वरून ओतलें तर कोणती बाजू गळते तें कळत नाहीं. वहिनी आंत उशीला टेकून बसल्या होत्या. अर्ध्या तासानें त्यांनीं छतावरून हात फिरविला, कोपऱ्यांतल्या त्या मऊ जागींहि, आणि तळवा पदराला न पुसतां आम्हांस दाखविला. कोरडा होता.

मे महिन्याच्या अखेरीस, पहांटे चार वाजतां, हडपसरहून गाडी निघाली. वहिनींनीं उशी खिडकीकडची सोडून मधोमध, बरोबर गवाक्षाखालीं घ्यावयास लाविली.