हिमोग्लोबिन जादा भरले तर?



रक्त तपासणीचा कागद हाती आला की आपण पहिल्यांदा हिमोग्लोबिनचा आकडा बघतो. तो ८ किंवा ९ असला की घरात काळजी सुरू होते, आणि ते बरोबरच आहे. रक्त कमी असणे हे आपल्याकडचे मोठे दुखणे आहे, बायकामुलांत तर फारच. पण आकडा १८-१९ आला, तर "गड्याच्या अंगात रक्त भरपूर आहे" म्हणून कागद कपाटात जातो. गफलत होते ती इथेच.

हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशींत असते. फुफ्फुसातला प्राणवायू उचलून सर्व अंगाला पोचवणे हे त्याचे काम. पुरुषात ते साधारण १३ ते १७ ग्रॅम आणि स्त्रीत १२ ते १५ ग्रॅम असावे. पुरुषात १६.५ च्या आणि स्त्रीत १६ च्या वर ते वारंवार येऊ लागले, की डॉक्टर कारण शोधू लागतात. हंगामात गव्हाणीपुढे गरजेपेक्षा जास्त गाड्या आल्या तर रस्ता तुंबतो. रक्तात पेशींची अशीच दाटी झाली की रक्त घट्ट होते, गुठळी धरते. ती मेंदूत अडकली तर लकवा, हृदयात अडकली तर झटका.

आकडा का चढतो?

पहिले कारण साधे आहे. रस आटवला की ब्रिक्स वाढते, पण म्हणून साखर वाढलेली नसते. पाणी तेवढे कमी झालेले असते. उन्हातान्हात राबून पाणी कमी प्यायलेल्या, जुलाब-उलट्या झालेल्या माणसाचे रक्तही असेच आटलेले दिसते. पोटभर पाणी पिऊन दोन-चार दिवसांनी पुन्हा तपासले की आकडा खाली येतो.

दुसरे कारण प्राणवायूची टंचाई. ही टंचाई आपल्या मूत्रपिंडाला कळते आणि ते हाडातल्या मज्जेला "आणखी पेशी पाठवा" असा निरोप धाडते. विडी-सिगारेटचा धूर, फुफ्फुसाचा जुना दमा, झोपेत घोरताना श्वास अडकणे ही याची नेहमीची कारणे. बुरशी आलेल्या जुन्या बगॅसची धूळ वर्षानुवर्षे नाकात गेल्यानेही फुफ्फुस कायमचे खराब होऊ शकते, तेव्हा बगॅस यार्डात काम करणाऱ्यांनी तोंडाला मास्क लावावा. मूत्रपिंडातली गाठ किंवा ताकदीसाठी म्हणून घेतलेली हार्मोनची इंजेक्शने यांनीही आकडा चढतो.

तिसरे कारण मज्जेचाच आजार. यात निरोप नसतानाही मज्जा पेशी बनवत सुटते. त्याला पॉलिसायथेमिया व्हेरा म्हणतात. 'जॅक-२' नावाच्या जनुकातला बिघाड बहुतेक रुग्णांत यामागे असतो, हे २००५ साली उमगले. हा बिघाड सहसा आईबापाकडून आलेला नसतो. डोके जड राहणे, चेहरा लालबुंद होणे, गरम पाण्याने अंघोळ केल्यावर अंगाला खाज सुटणे, तळहात-तळपायाची आग, डाव्या बरगडीखाली पानथरी वाढून जडपणा येणे ही त्याची लक्षणे.

ट्रॉम्बेचा स्फुरद

या आजाराच्या उपचाराशी आपल्या ओळखीचे एक ठिकाण जोडलेले आहे. सुफला खताचा कारखाना जिथे आहे ते मुंबईचे ट्रॉम्बे. तिथेच भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. 'अप्सरा' ही पहिली अणुभट्टी तिथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, आणि १९६० साली 'सायरस'. अणुभट्टीत गंधकापासून किरणोत्सारी स्फुरद, म्हणजे फॉस्फरस-३२, तयार करता येतो. ट्रॉम्बेचा हा स्फुरद शेती संशोधनाला लागला, सुपर फॉस्फेटमधला किती स्फुरद पीक उचलते ते मोजायला. आणि तोच रुग्णांसाठीही लागला. स्फुरद हाडात जाऊन बसतो आणि मज्जा हाडातच असते. म्हणून इंजेक्शनने दिलेला हा स्फुरद मज्जेची बेसुमार पैदास रोखतो. दर १४ दिवसांनी त्याचा जोर निम्मा होतो. अमेरिकेत हा उपाय १९३० च्या दशकाअखेर सुरू झाला होता.

मात्र १९६७ पासून रुग्णांचे गट करून तुलना झाली, तेव्हा दुसरी बाजू दिसली. किरणोत्सारी स्फुरद दिलेल्यांत काही वर्षांनी रक्ताचा कर्करोग जास्त निघाला. नुसते रक्त काढलेल्यांत तो कमी होता, पण पहिल्या काही वर्षांत गुठळ्या जास्त झाल्या. म्हणून स्फुरदाचा उपाय आता मागे पडला असून क्वचित एखाद्या वयोवृद्ध रुग्णापुरता उरला आहे.

आज काय करतात?

मज्जेचा आजार ठरला तर ठरावीक मुदतीने थोडे-थोडे रक्त काढतात. रक्तातल्या पेशींचे प्रमाण शेकडा ४५ च्या खाली ठेवले की गुठळ्या व हृदयविकाराचे मृत्यू बरेच टळतात, हे २०१३ साली इटलीतल्या अभ्यासाने दाखवले. जोडीला कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि वय ६० च्या पुढे असल्यास किंवा पूर्वी गुठळी झालेली असल्यास हायड्रॉक्सियुरिया देतात. आजार समूळ जात नाही, पण नीट सांभाळला तर माणूस पुष्कळ वर्षे कामधंदा करतो. प्राणवायूच्या टंचाईने आकडा चढला असेल तर मूळ दुखण्यावर इलाज करावा लागतो आणि विडी सोडावीच लागते.

सभासदांनी ध्यानात ठेवावे :

१. आकडा जास्त आला तर पाणी नीट पिऊन पुन्हा तपासावे. दुसऱ्यांदाही जास्त आला तर डॉक्टरांना दाखवावे.

२. लोहाच्या गोळ्या किंवा टॉनिक आपल्या मनाने घेऊ नये. गूळ, पालेभाजी सोडण्याचे मात्र कारण नाही. त्यांनी आकडा एवढा चढत नसतो.

३. जळवा किंवा तुंबडी लावून घरगुती रक्त काढू नये. किती काढायचे, कोणाचे काढायचे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

४. अ‍ॅस्पिरिनही विचारल्याशिवाय घेऊ नये. पोटात व्रण असल्यास रक्तस्राव होतो.

५. एका अंगाला मुंग्या, तोंड वाकडे होणे, छातीत कळ, पायाला एकाएकी सूज यांपैकी काही झाले तर सकाळची वाट न बघता मोठा दवाखाना गाठावा.

उसाचा उतारा जास्त आला तर आनंद मानावा. रक्ताचा आकडा जास्त आला तर त्याचे कारण विचारावे. तेव्हा घरात जुना कागद पडून असेल तर आजच काढून बघा, आणि आकडा चढलेला दिसला तर तो कागद घेऊन या आठवड्यातच दवाखान्यात जा, एवढीच आमची विनंती.