एक डिस्क, दोन सर्व्हर

तोंडवलीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली आहे ना? जाळे एकच, पण दोन्ही टोकांचे दोर दोन गटांच्या हातात. ताल चुकला की मासळी निसटलीच! क्लस्टर डेटाबेसचेही तसेच. २००१ च्या ओरॅकल ९आय पासून आलेल्या 'रॅक'मध्ये अनेक सर्व्हर एकच डेटाबेस चालवतात, म्हणून डिस्क सर्वांना दिसावी लागते.

मग तीच डिस्क ईएक्सटी-३ ने फॉरमॅट करून दोन्हीकडे माउंट केली तर? इथेच घात होतो. प्रत्येक सर्व्हर स्वतःच्या मेमरीतली नोंद खरी धरतो आणि दुसऱ्याच्या लिखाणावर खुशाल लिहितो. एरर लगेच दिसत नाही, डेटा मात्र गेलेला असतो.

म्हणून डिस्क एएसएमकडे किंवा ओसीएफएस-२ सारख्या क्लस्टर फाइल सिस्टिमकडे सोपवतात. रीबूटनंतर एसडीबीची एसडीसी होऊ शकते. तेव्हा लिनक्सवर युडेव्हचे नियम लिहून नाव आणि मालकी पक्की करा.

व्होटिंग डिस्क मात्र तीन ठेवा. निम्म्याहून जास्त दिसल्या नाहीत, तर सर्व्हर क्लस्टरबाहेर जातो. दोनपैकी एक बिघडली तर उरते नेमकी निम्मी, म्हणजे सगळेच ठप्प! तीनपैकी एक गेली तरी काम चालू राहते.