मच्छरांवरचा खर्च : कुठे कामाचा, कुठे वाया

पावसाळा लागला की गटाच्या बैठकीत कर्ज, हप्ता, बी-बियाणं यांच्याबरोबर आणखी एक विषय निघतोच. तो म्हणजे मच्छर. मागच्या वर्षी एका गावात बैठक चालू असताना एक विक्रेता प्लगला लावायची छोटी यंत्रं घेऊन आला. यातून माणसाला ऐकू न येणारा आवाज निघतो आणि त्यानं मच्छर पळतात, असं त्याचं म्हणणं. गटानं एकदम पन्नास नग घेतले तर सवलतही देणार होता. एक बाई म्हणाली, "ताई, रातभर कछवा जाळतो, तरी लेकरू सुजूनच उठते. हे तरी चालन का?"

प्रश्न साधा आहे, पण गटाचा पैसा म्हणजे पोटाला चिमटा घेऊन साठवलेला पैसा. म्हणून आज एकेक वस्तू तपासून पाहू.

आधी मच्छर आपल्याला शोधतो कसा, ते समजून घेऊ. चावते ती फक्त मादी. अंडी तयार करायला तिला रक्त लागतं. आपण श्वासातून सोडतो तो कार्बन डायऑक्साइड वायू, घामाचा वास आणि अंगाची ऊब यांवरून ती आपल्यापर्यंत येते. जी वस्तू या वाटेत अडथळा आणते ती कामाची. बाकीचं नुसतं सामान.

आता ते आवाजाचं यंत्र. अशा यंत्रांवर प्रत्यक्ष मोकळ्या जागेत झालेल्या १० अभ्यासांचा आढावा २००७ साली घेतला गेला. यंत्र चालू असो की बंद, माणसावर बसणाऱ्या मच्छरांत काहीच फरक नव्हता. मोबाइलमधल्या 'मच्छर पळवा' आवाजांचीही तीच गत. आमच्या बायकांनी त्या विक्रेत्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

दुसरं, निळ्या-जांभळ्या दिव्याची जाळी. किडा चिकटला की चटचट आवाज येतो आणि आपल्याला समाधान वाटतं. अमेरिकेत १९९६ साली अशा दिव्यांत मेलेले किडे मोजले. एकूण १३,७८९ किड्यांपैकी चावणारे फक्त ३१. बाकीचे पाखरं, भुंगे आणि शेताला उपयोगी पडणारे किडे. साखर आणि यीस्ट घातलेल्या बाटलीच्या सापळ्याचंही तसंच. त्यातून थोडा वायू निघतो खरा, पण एका खोलीत झोपलेली पाच माणसं त्याहून कितीतरी जास्त सोडतात. मग मच्छर बाटलीकडे कशाला जाईल? हातातली बॅट मात्र जेवढे मारते तेवढे मारते. तिच्याकडून त्याहून जास्त अपेक्षा नको.

तिसरं, कछवा म्हणजे कॉइल. त्यातल्या औषधानं मच्छर कमी होतात, हे खरं. पण धूर छातीत जातो. चीन आणि मलेशियातल्या कॉइलवर २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक कॉइल जळताना निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननंही बंद खोलीत कॉइल जाळण्याबद्दल इशारा दिला आहे. चुलीचा धूर, वर कछव्याचा धूर, आणि खोलीत बाळ-बाळंतीण. हा सौदा परवडत नाही. कडुलिंबाच्या पाल्याच्या धुरानं धूर आहे तोवर मच्छर हटतात, पण तो धूरही धूरच. करायचाच तर दिवेलागणीला, माणसं बाहेर असताना करा आणि मग घर हवेशीर होऊ द्या.

मच्छर पळवणाऱ्या अगरबत्त्यांपासून विशेष सावध राहा. नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या काही अगरबत्त्यांत परवानगी नसलेली कीटकनाशकं सापडली आहेत. मच्छर मारणाऱ्या औषधाला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. पुड्यावर नोंदणी क्रमांक नसेल तर ती वस्तू घरात आणू नका.

प्लगला लावायचं लिक्विड बंद खोलीत बऱ्यापैकी काम करतं. दारं-खिडक्या सताड उघड्या असतील किंवा अंगणात बाज टाकली असेल तर त्याचा उपयोग नाही. लाईट गेली की तेही थांबलं. अंगाला लावायच्या मलमात डीट, पिकारिडिन किंवा डायइथाइल बेंझामाइड असेल तर ते काही तास चांगलं चालतं. उघड्या अंगावर सगळीकडे लावायला हवं, डोळे-तोंड सोडून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र लावू नका. मनगटावरच्या सुगंधी पट्ट्यांचा उपयोग होत नाही. वास पट्टीभोवतीच राहतो आणि मच्छर पायाला चावतो.

या सगळ्यांत खरी भरवशाची वस्तू म्हणजे मच्छरदाणी. लाईट नको, धूर नको, रोजचा खर्च नको. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत मलेरियाचे जे रुग्ण टळले, त्यांतले सुमारे ६८ टक्के औषध लावलेल्या मच्छरदाण्यांमुळे टळले, असा अंदाज शास्त्रज्ञांनी काढला. आपल्याकडे गडचिरोलीत सरकार अशाच मच्छरदाण्या वाटतं. हिशेब करून पाहा. रोजचा एक कछवा ४ रुपयांचा धरला तरी पावसाळ्याच्या चार महिन्यांत ४८० रुपयांचा धूर होतो. त्यात घराला मच्छरदाणी येईल आणि ती पुढची काही वर्षं टिकेल.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. मलेरियाचा मच्छर रात्री चावतो, डेंग्यू-चिकुनगुन्याचा दिवसा. म्हणून रात्री लिक्विड लावलं आणि दिवसा लेकरू उघड्यावर झोपवलं, तर डेंग्यूचा धोका तसाच राहतो. दिवसाही बाळाला मच्छरदाणीतच झोपवा.

आणि हा दिवसाचा मच्छर गटारात होत नाही. तो आपल्या घरातल्या स्वच्छ पाण्यात होतो. आपल्याकडे घाटाखाली खारपाणपट्टा, घाटावर उन्हाळ्यात टँकर. नळ रोज नसतो, त्यामुळे रांजण, ड्रम, हौद भरलेलेच असतात. अंड्यापासून मच्छर व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा भांडं रिकामं झालं तर ही साखळी तुटते. यालाच कोरडा दिवस म्हणतात.

"एवढं पाणी फेकायचं कसं?" असं तुम्ही विचाराल. फेकायचं नाही. नळ यायच्या आदल्या दिवशी उरलेलं पाणी कपड्यानं गाळून दुसऱ्या भांड्यात काढा. ड्रम आतून घासा, वाळवा, मग भरा. घासणं महत्त्वाचं, कारण या मच्छराची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी असली तरी महिनोन्महिने टिकतात. नळ आठ दिवसांपेक्षा उशिरा येत असेल तर तोंडाला कापड घट्ट बांधा. रिकामा न होणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा. कूलर, टायर, नारळाच्या करवंट्या, कोंबड्यांचं पाण्याचं भांडंही बघा.

सांडपाण्यात होणारा मच्छर वेगळा. त्यावर नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं वाट दाखवली. घरोघरी शोषखड्डे केले, उघड्या नाल्या संपल्या आणि मच्छरही हटले. हे काम रोजगार हमीतून करता येतं. ग्रामसभेत मागणी करा.

हा मच्छर फार लांब उडत नाही. बहुतेक वेळा आपल्याला चावणारा मच्छर आपल्या किंवा शेजारच्याच ड्रममधला असतो. म्हणून एकटीनं घर साफ ठेवून भागत नाही. गटाच्या दहा-बारा जणींनी मिळून आठवड्याचा एक वार ठरवा. त्या दिवशी दोघी-दोघींनी आपली गल्ली फिरून ड्रममध्ये वळवळणाऱ्या अळ्या बघायच्या. बॅटरीच्या उजेडात त्या चटकन दिसतात.

आणि ताप आलाच तर अंगावर काढू नका. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासा. डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनची गोळी मनानं घेऊ नका, त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो.

येत्या बैठकीत हप्ता भरून झाला की पाच मिनिटं काढा. कोरडा दिवस कोणता, कोणती गल्ली कुणाकडे, आणि मच्छरदाणी कुणाच्या घरी नाही, एवढं इतिवृत्तात लिहून घ्या.